उरलेल्या अण्णांची धिरडी

मराठीत समीक्षा होते ती पुस्तकांची, नाटकांची आणि फार झाले तर गाण्याच्या बैठकीची. धिरड्याची समीक्षा कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. नाटक पडले तर ते का पडले हे सांगायला चार विद्वान धावत येतात. धिरडे तव्याला चिकटले तर "तवा तापला नसेल" या तीन शब्दांत निकाल लागतो. कारण उघड आहे. कादंबरी न वाचता तिच्यावर लिहिता येते. धिरड्यावर लिहायचे तर ते आधी खावे लागते, आणि चार धिरडी खाल्ल्यावर माणसाला लिहिण्यापेक्षा आडवे होणे अधिक महत्त्वाचे वाटते.

ही उणीव भरून काढण्याचा विडा मी उचलला आहे. आजचा विषय एक अमेरिकन धिरडे. त्याचे नाव 'सावरडो पॅनकेक'. कोकण रेल्वेवरच्या सावर्डे स्टेशनाशी त्याचा काही संबंध नाही. सावरडो म्हणजे आंबलेली कणीक. मैदा किंवा गव्हाचे पीठ पाण्यात कालवून ठेवले, रोज त्यात थोडे नवे पीठ नि पाणी घातले, की आठ-दहा दिवसांत त्यात बुडबुडे येऊ लागतात. पिठातच दडून बसलेले रानटी यीस्ट आणि दह्यातल्या जंतूंचे चुलतभाऊ तिथे संसार थाटतात. यीस्ट पीठ फुगवते, चुलतभाऊ ते आंबट करतात. या मिश्रणाला आपण खमीर म्हणू. या खमिराचा पाव करतात, आणि पाव करून जे उरते त्याची धिरडी. निदान आजची पाकपुस्तके असे सांगतात, आणि माझे भांडण नेमके इथेच आहे.

हे खमीर मी प्रथम पाहिले ते कॅलिफोर्नियात पुतण्याकडे. २०२० साली सगळे जग घरात कोंडले गेले तेव्हा अमेरिकेतल्या दुकानांतून यीस्टच्या पुड्या नाहीशा झाल्या आणि घरोघरी लोकांनी बरण्या भरून पीठ आंबत घातले. आमच्या सूनबाईनेही घातले. तिकडे या बरणीला नाव ठेवायची पद्धत आहे. हिने ठेवले 'अण्णा'. मी विचारले, "अण्णा का गं?"

"काका, वेळेवर खायला घातलं नाही तर आंबट होतात, थंडी सोसत नाही, आणि दिवसभर कोपऱ्यात बसून बुडबुड बुडबुड करत असतात."

घरात त्या वयाचा दुसरा माणूस मीच असल्यामुळे मी पुढे चौकशी केली नाही.

तर या अण्णांना रोज सकाळी जेवण असे. जेवणाआधी सूनबाई बरणी उघडायची, वास घ्यायची, समाधानाने मान डोलवायची आणि मोठ्या चमच्याने निम्म्याहून जास्त अण्णा काढून सिंकमध्ये टाकायची. मग उरलेल्या अण्णांना ताजे पीठ आणि पाणी. मला पहिल्या दिवशी वाटले, चमचा निसटला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटले, "अगं, काय खराब झालं त्यांचं?"

"काही नाही. ते डिस्कार्ड आहे, काका."

"म्हणजे?"

"टाकायचं असतं ते."

आता 'का टाकायचं' याचे उत्तर अंकगणितात आहे आणि ते चुकीचे नाही. बरणीत पन्नास ग्रॅम खमीर आहे असे धरा. त्याला त्याच्याइतके पीठ आणि तेवढेच पाणी घातले की झाले दीडशे. दुसऱ्या दिवशी काही न टाकता त्याच प्रमाणात घातले की साडेचारशे. तिसऱ्या दिवशी एक किलो साडेतीनशे. बुद्धिबळाच्या पटावर गव्हाचे दाणे मागणाऱ्या त्या चतुर माणसाची गोष्ट आपण ऐकलेली असते, पण तीत दाणे कोरडे होते. इथे ते ओले आणि जिवंत. पाचव्या दिवशी बारा किलो. दहाव्या दिवशी अण्णा जवळजवळ तीन टनांचे होतात आणि घरच्यांना मोटार रस्त्यावर लावून गॅरेज त्यांना द्यावे लागते.

म्हणून टाकायचे. नवे खमीर धरताना पहिल्या आठवड्यातले टाकणे तर योग्यच. तेव्हा त्यात नको ते जंतूही असतात, वासही गटाराशी नाते सांगणारा असतो, ते खाऊ नये. बुरशी आली किंवा गुलाबी-नारिंगी रंग चढला तर सगळी बरणीच रिकामी करावी. पण खमीर जुने झाले, निरोगी आहे, वास आंबट-गोड येतो आहे, मग रोज निम्मे का टाकायचे? चमचाभर ठेवा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याने एकदा खायला घाला, अण्णा कुरकुर करणार नाहीत. रोज टाकणे हा निसर्गाचा नियम नव्हे. ती सवय आहे, आणि सवयीला शास्त्राचे नाव मिळाले की ती फार दिवस टिकते.

टाकले की मनाला लागतेच. अमेरिकन मनालाही लागते. त्या लागण्यातून तिकडे एक नवे पाकसाहित्य जन्माला आले आहे. टाकायच्या खमिराची बिस्किटे, वॉफल, केळ्याचा केक, पिझ्झाचा तळवा आणि सगळ्यात आधी पॅनकेक. आपल्याकडच्या महिला मासिकांत पूर्वी 'टाकाऊतून टिकाऊ' असे एक सदर असे. त्यात फुटक्या बांगड्यांचा मोर करायला शिकवत. मोर हुबेहूब व्हायचा, पण पाहुण्यांना तो बांगड्यांचाच आहे हे सांगितल्याशिवाय घरच्यांना चैन पडत नसे. या पॅनकेकचे तेच झाले आहे. पदार्थ पुढे येण्याआधी त्याची जात पुढे येते: "हे उरलेल्याचं आहे हं." अशा प्रस्तावनेनंतर कोणते काव्य उभे राहील?

पण समीक्षकाने प्रस्तावना बाजूला ठेवून संहितेकडे वळावे. सूनबाईने मला पहिल्यांदा केले ते आधुनिक पद्धतीचे. मैदा, दूध, अंडे, साखर, व्हॅनिला, वितळलेले लोणी, बेकिंग पावडर दोन चमचे, आणि या सगळ्या मंडळींत वाटीभर अण्णा. ढवळले की लगेच तव्यावर. रूप उत्तम. अर्धा इंच जाड, बदामी, कडा गोल. पोत कापसासारखा. वरून मेपलचा पाक. खाल्ले आणि मी आंबटपणाची वाट पाहत बसलो. पहिल्या अंकात चिठ्ठी घेऊन येणारा आणि पुन्हा नाटकभर न दिसणारा गडी असतो ना, तसा तो एकदा जिभेच्या टोकावर येऊन गेला. बाकी सगळे नाटक बेकिंग पावडरने ओढले. फुगवले तिने, टाळ्या तिला. अण्णांचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आणि रंगमंचावर ते प्रेतासारखे पडून. यातून खमीर वगळले असते तरी धिरड्याला कळले नसते. ज्या पात्राला वगळून काही बिघडत नाही ते पात्र नाटककाराने दयेपोटी ठेवलेले असते, आणि दया ही स्वयंपाकातली फार वाईट फोडणी आहे.

आता जरा इतिहास. समीक्षेत तो घालावाच लागतो, नाहीतर लोक तिला अभिप्राय म्हणतात.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या युकॉन भागात, क्लॉन्डाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोने सापडले. पुढच्या दोन-तीन वर्षांत लाखभर माणसे तिकडे निघाली असा अंदाज आहे. पोचली त्याच्या निम्म्याहून कमी. वाटेत उपाशी मरू नयेत म्हणून कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला: वर्षभराचा शिधा बरोबर असल्याशिवाय सरहद्द ओलांडायची नाही. तंबू, कुदळी, पीठ, डुकराचे खारवलेले मांस असे सगळे धरून माणशी टनभर ओझे व्हायचे. ते पाठीवरून, थोडे थोडे करून, चिलकूट खिंडीच्या बर्फातून वर न्यायचे. एकाच चढावर एकाच माणसाने कितीतरी खेपा करायच्या. या टनभर सामानात सगळ्यात हलकी आणि सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे खमिराचे गाडगे. पीठ संपले तर उधार मिळे. खमीर थंडीने मेले तर सगळा हिवाळा दगडासारखी भाकरी चावायची. म्हणून ते गाडगे माणसे रात्री अंथरुणात घेऊन झोपत. बायको हजारो मैल दूर, उशाशी आंबलेले पीठ. संसाराचे इतके प्रामाणिक चित्र मला आजवर कोणत्याही कथेत आढळलेले नाही.

आणि या खमिराचे ते करीत काय? पावाला भट्टी हवी, वेळ हवा, सुकी लाकडे हवीत. तंबूत असतो एक तवा. तेव्हा रोजच्या अन्नात धिरडी असत. म्हणजे खमीर पाळले जाई ते धिरड्यासाठीसुद्धा. उत्तरेतला एक अख्खा हिवाळा काढलेल्या माणसाला तिकडे 'सावरडो' म्हणू लागले, नवख्याला 'चीचाको'. ती पदवी होती. युकॉनमधल्या एका बँकेत कारकुनी करणाऱ्या रॉबर्ट सर्व्हिसने १९०७ साली कवितासंग्रह काढला तर त्याच्या नावातसुद्धा 'सावरडो' हा शब्द घातला. सोन्याची धावाधाव संपल्यावर हा गृहस्थ तिथे पोचला होता. बँकेतल्या माणसाने दुसऱ्याच्या साहसावर कविता कराव्यात यात मराठी वाचकाला नवल वाटू नये. सांगायचे एवढेच, की तेव्हा आंबलेली कणीक हे टिकून राहिलेल्या माणसाचे नाव होते. आज तिला डिस्कार्ड म्हणतात. सव्वाशे वर्षांत शब्दाची अशी बदली क्वचितच झाली असेल.

सॅन फ्रान्सिस्कोची तऱ्हा निराळी. तिथे पावाचा मान मोठा. १८४९ साली निघालेली बूदीन बेकरी तेव्हापासूनचेच खमीर आपण वापरतो असे सांगते. १९०६ च्या भूकंपात मालकिणीने ते लाकडी बादलीत घालून वाचवले अशी तिथली आख्यायिका आहे. १९७१ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी या खमिरातला आंबट जंतू शोधून काढला आणि त्याला गावाचेच नाव दिले. पुढे तोच जंतू युरोपातल्या खमिरांतही सापडला. आपल्याकडे सुद्धा प्रत्येक गावाला आपले पाणी जगात एकटे वाटते. १८४७ साली ऑरेगनच्या वाटेने गेलेल्या एका कुटुंबाचे खमीर वारसदार गृहस्थ मागेल त्याला फुकट देत. ते गेल्यावर २००० सालापासून त्यांच्या मित्रमंडळींनी ते टपालाने पाठवायला सुरुवात केली. बेल्जियममध्ये सेंट व्हिथ गावी तर २०१३ पासून खमिरांचे ग्रंथालय आहे. देशोदेशीच्या शंभरावर बरण्या तिथे थंड कपाटांत ओळीने ठेवल्या आहेत. जगातली माणसे खमीर बादलीत घालून पळतात, पाकिटात घालून पाठवतात, कपाटात घालून जपतात आणि त्याच खमिराचा मोठा वाटा रोज सकाळी सिंकमध्ये ओततात. माणसाचा हा स्वभाव फक्त पिठापुरता आहे असे मला वाटत नाही.

मी सूनबाईला म्हटले, "एकदा त्या जुन्या सोनेवाल्यांच्या पद्धतीने करून बघू." तिला प्रयोग आवडतात. रात्री नऊ वाजता वाटीभर अण्णा, दोन वाट्या मैदा आणि दोन वाट्यांना थोडे कमी कोमट पाणी असे कालवून झाकून ठेवले. बेकिंग पावडर कपाटात. सकाळी पातेल्यात जाळी पडलेली, वर बुडबुडे, वास ताज्या ताकासारखा. आता पहिले काम वाटीभर पीठ काढून बरणीत ठेवण्याचे. तेच पुढच्या खेपेचे अण्णा. बाकीच्यात एक अंडे, चमचाभर साखर, थोडे तेल, मीठ. सगळ्यात शेवटी अर्धा लहान चमचा सोडा पाण्यात विरघळवून. सोडा आंबटाला भेटला की पातेले डोळ्यांदेखत फसफसून वर येते. तेव्हा गप्पा मारत उभे राहू नये, लगेच तव्यावर घालावे. तो फेस कोणासाठी थांबत नाही. सोडा हात राखून घालावा. जास्त झाला तर आंबटपणा मरतो आणि धिरडे साबणाच्या वळणावर जाते. वर छिद्रे पडून कडा सुकल्या की उलटावे.

परीक्षण असे. रूप पहिल्याइतके गुबगुबीत नाही, जरा पातळ. कडेला तांबूस जाळी. आत ओलसर, पण चिकट नाही. आंबटपणा पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत हजर आणि कुठेही आरडाओरडा न करता. मेपलच्या पाकाला इथे पहिल्यांदा काम मिळाले. गोडाला समोर कोणी प्रतिस्पर्धी असेल तरच गोडाला अर्थ असतो, नाहीतर ते नुसते अभिनंदनाचे भाषण होते. मी एक मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ले आणि ते त्यालाही पुरून उरले. दोष? आहेत. गार झाले की चामड्याकडे झुकते. डब्यात न्यायच्या लायकीचे नाही. करणाऱ्याला तव्यापाशी उभे राहावे लागते आणि खाणाऱ्याला बोलावल्याबरोबर यावे लागते. हे दोन्ही गुण आजच्या घरांत दुर्मिळ झाले आहेत हा धिरड्याचा दोष नव्हे.

आणि यात फेकून दिलेले काय? काही नाही. वाटीभर काढून ठेवले, बाकीचे खाल्ले. हिशेब मिटला. ओळखीचा वाटतो ना हा हिशेब? विरजणाचा हाच आहे. दही खाताना चमचाभर मागे ठेवायचे, बाकीचे संपवायचे. रोज निम्मे दही मोरीत ओतून "ते टाकायचंच असतं" असे आमच्या आजीला कोणी सांगितले असते तर तिने सांगणाऱ्यालाच मोरीत बसवले असते. इथिओपियात इंजेरा नावाची टेफच्या पिठाची मोठी आंबट धिरडी करतात. तिथेही आधीच्या आंबवणाचे पिवळसर पाणी काढून ठेवून पुढच्या पिठाला लावतात. मालवणकडची आंबोळी त्याहून बिनधास्त. तांदूळ, उडीद, थोडी मेथी भिजवून वाटले की रात्रीतून पीठ आपले आपण आंबते, कारण ते जंतू डाळ-तांदळाबरोबरच घरात आलेले असतात. जुन्या पिठाची गरजच नाही. उद्या काळ्या वाटाण्याची उसळ करायची की नाही एवढीच काय ती चिंता. आणि डोशाचे पीठ तिसऱ्या दिवशी फार आंबले तर त्याचा कांदा घालून उत्तप्पा होतो. त्याला कोणी 'उरलेल्याचा' म्हणत नाही, हॉटेलात डोशापेक्षा दोन रुपये जास्त घेतात.

शेवटचा मुद्दा शास्त्राचा आहे आणि माझ्या मते निर्णायक. चार-पाच दिवस फ्रिजमध्ये पडलेले खमीर पावाला का नको असते? त्यातले यीस्ट भुकेने मरगळलेले असते, आंबटपणा वाढलेला असतो आणि त्या आंबटाने पिठातला चिवटपणा मोडलेला असतो. पावाला चिवटपणा हवा, नाहीतर तो उभा राहत नाही. धिरड्याला उभे राहायचेच नसते. त्याला मऊ पडायचे असते. चिवट धिरडे कोणाला हवे आहे? आंबट जास्त म्हणजे सोड्याला खाद्य जास्त, म्हणजे जाळी चांगली. पावाच्या दृष्टीने जे म्हातारे झाले ते धिरड्याच्या दृष्टीने नुकते वयात आलेले असते. 'टाकाऊ' हा त्या पिठाचा गुणधर्म नाहीच. ते पावाने त्याच्यावर लिहिलेले परीक्षण आहे. आणि एका नाटककाराने दुसऱ्या नाटककारावर लिहिलेल्या परीक्षणावर विश्वास ठेवू नये हा समीक्षेतला पहिला धडा आहे.

तेव्हा माझा निकाल: आधुनिक पद्धतीचे पॅनकेक, रूप पाहून उत्तीर्ण, पण अण्णांचे नाव वापरायला परवानगी नाही. रात्रभर आंबवलेले, पहिला वर्ग. पावाबद्दल माझ्या मनात आकस नाही. करणाऱ्याने तो जरूर करावा. मात्र क्रम बदलावा. सकाळी आधी धिरडी घालावीत, सगळ्यांनी गरमगरम खावीत, पुढच्या खेपेचे काढून ठेवावे, आणि तरी वाटीभर खमीर राहिलेच तर त्याला ताजे पीठ घालून पुन्हा ताजेतवाने करावे आणि त्याचा पाव करावा. तो पाहुण्यांपुढे ठेवताना थोडे ओशाळून म्हणावे, "उरलेल्याचा आहे हं, गोड मानून घ्या."